नव्याच्या सणाला स्देरोत-अश्कलोनच्या घरांना मदत: खोक्यात काय द्यावं, कधी आणि कसं?

अश्दोद_मंडळ (प्रश्न)

शालोम मंडळी. आमचं मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यू घरांचं मंडळ यंदा नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला (ज्यू नववर्षाला), ४० घरांना मदत देणार आहे. २६ घरं अश्कलोनची, १४ स्देरोतची, दोन्ही गावं गाझा पट्टीजवळची. बहुतेक ठिकाणी सत्तरीपुढची माणसं आहेत, राहायला जुन्या तीन-चार मजली इमारतींत, लिफ्ट नाही. साधारण निम्म्या घरांत ममाद (घरातली पक्क्या भिंतींची आसऱ्याची खोली) नाही, सायरन झाला की जिन्यात किंवा खालच्या मिक्लातमध्ये (सामाईक आसऱ्यात) जावं लागतं. नऊ घरांत लहान मुलं आहेत. प्रत्येक घरात कुणीतरी असं आहे की रॉकेटच्या माऱ्यापासून झोप गेली आहे, मोठा आवाज सहन होत नाही किंवा एकट्याने घराबाहेर पडवत नाही. काही जण नियमित औषधं घेतात, हे त्यांनीच सांगितलं.

पैसे घरटी ४०० शेकेल, एकूण १६,०००. माणसं १२, गाड्या ४.

सध्याचा बेत असा: गुरुवारी, १० सप्टेंबरला संध्याकाळी सगळी घरं एका फेरीत. प्रत्येकी १५ किलोचं खोकं, न कळवता, म्हणजे आनंदाचा धक्का. सोबत मंडळाची मुलं फुगे घेऊन, दारात एकदा शोफार (एडक्याच्या शिंगाचं वाद्य), आणि देणगीदारांसाठी एक फोटो. यात काय बदलावं? स्पष्ट सांगा, अजून वेळ आहे.

---

नेगेव_वाटप

हेतू चांगला आहे आणि माणसंही पुरेशी आहेत. पण न कळवता जाणं, फुगे आणि दारातला शोफार हे तिन्ही आधी काढा. अशा माणसाला सर्वांत जास्त त्रास अचानकपणाचा होतो. फुगा फुटला की तो आवाज कशाचा हे डोक्याला कळायच्या आत अंग हललेलं असतं, आणि मग रात्रभर झोप नाही. शोफारचा चढत जाणारा सूर काही जणांना सायरनसारखा लागतो. यंदा सणाचा पहिला दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आल्यामुळे सिनेगॉगमध्येही शोफार फक्त रविवारी, १३ तारखेला वाजणार आहे. ज्यांना त्रास होतो त्यांना ही वेळ आधी सांगून ठेवा, म्हणजे बसायचं की बाहेर थांबायचं हे ते ठरवतील.

पोचवण्याची पद्धत:

आठवडाभर आधी फोन. कोण येणार, किती जण, किती वाजता, हातात काय असेल, सगळं सांगायचं. वेळ अर्ध्या तासाच्या टप्प्यात द्या, "संध्याकाळी कधीतरी" नको. निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या दोघांचा फोटो, खाली पोचल्यावर परत एक फोन. दारावर थाप मारायची नाही, बेल एकदाच. दार उघडायला आजींना दोन मिनिटं लागली तर लागू द्या. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत.

१५ किलोचं एक खोकं चौथ्या मजल्यावर नेताना जिन्यात आपटतंच, आणि त्या जिन्यात आपटण्याचा आवाज भलताच घुमतो. ७-८ किलोच्या वर जाऊ नका. लोखंडी ट्रॉली पायऱ्यांवरून ओढू नका, कापडी पिशव्या बऱ्या. खोकं घरात ठेवलं की चिकटपट्टी तिथे टरकन ओढू नका, कात्रीने कापून द्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्या आवाजाने माणसं अक्षरशः खाली बसलेली असतात.

घरी कुणी नसेल तर खोकं दारात ठेवून परत फिरू नका. बेवारस खोकं म्हणजे संशयित वस्तू. शेजारी पोलिसांना फोन करतात, मजला रिकामा करतात, आणि ज्याला तुम्ही दिलासा द्यायला निघालात तोच त्या गोंधळाच्या मध्यभागी सापडतो. प्रत्येक खोक्यावर हिब्रू आणि मराठीत मंडळाचं नाव आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहा.

खोकं घरात कुठे ठेवता तेही बघा. ममाद असलेल्या घरात ती खोली बहुधा नातवंडांची झोपायची खोली असते, आणि सामान ठेवायला "तिकडे ठेवा" म्हणून तीच दाखवतात. तिथे ठेवू नका. पोलादी दार पूर्ण उघडलं-मिटलं पाहिजे, आणि दारापर्यंतची वाट मोकळी हवी. ज्यांच्याकडे ममाद नाही त्यांच्याकडे दारापासून जिन्यापर्यंत काही अडवू नका.

आता तुमच्या माणसांबद्दल. स्देरोतला १५ सेकंद मिळतात, अश्कलोनला साधारण ३०, तुम्हाला अश्दोदला ४५ ची सवय आहे. हा फरक अंगात भिनलेला नसतो. नेमका आकडा पत्त्यावरून पिकूद हाओरेफच्या (लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाच्या) अ‍ॅपवर बघा, किंवा १०४ ला विचारा. गाडी लावतानाच जवळची मिगुनित (रस्त्यालगतची काँक्रीटची आसऱ्याची खोली) कुठे आहे ते बघून ठेवा. इमारतीत आसरा नसेल तर आतला जिना, वर किमान दोन मजले असतील अशा पातळीवर, खिडकीपासून लांब. गाडीत असताना वाजला तर बाजूला थांबा, उतरा, जवळ आसरा नसेल तर गाडीपासून दूर जमिनीवर पालथं झोपून हात डोक्यावर.

४० घरं एका संध्याकाळी होत नाहीत. चार गाड्या, प्रत्येकी दोन माणसं, एका घराला वीस मिनिटं आणि जिने, धरून चाला. सोमवार ७ ते बुधवार ९, सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते साडेसहा. अंधार पडल्यावर नको. गुरुवार राखीव ठेवा, शुक्रवारी कुणाच्या दारात जाऊ नका, तेव्हा घराघरांत स्वयंपाकाची घाई असते. उरलेले चार जण फोनवर बसवा, त्यांचं काम कमी महत्त्वाचं नाही.

---

चिकाचा_हलवा

खाण्याचं मी सांगते.

आधी प्रत्येक घराला तीन गोष्टी विचारा: कशरूथ, म्हणजे ज्यू खाण्याचे नियम, कितपत काटेकोर (काहींना मेहाद्रिन, म्हणजे सर्वांत कडक शिक्का असलेलंच लागतं), घरी शिजवलेलं चालतं की फक्त शिक्का असलेलं बंद पाकीट, आणि साखर-रक्तदाब-सुका मेवा यांचं काय. हे न विचारता दिलेला हलवा शेजाऱ्याकडे जातो.

घरटी खोकं असं बसवता येईल: तांदूळ १ किलो, साखर १ किलो, तेल १ लिटर, द्राक्षाचा रस १ लिटर प्लॅस्टिकच्या बाटलीत, मध ३५० ग्रॅम दाबायच्या बाटलीत (काचेच्या बरणीचं झाकण म्हाताऱ्या हातांना उघडत नाही), सफरचंदं १ किलो, खजूर अर्धा किलो, चवळी अर्धा किलो, डाळिंबं २. साधारण ७ किलो होतं. भोपळा आणि बीट देऊ नका, वजन वाढतं आणि ते कोपऱ्यावर मिळतं. मधुमेह असलेल्या घरात साखर आणि मध कमी करून त्याऐवजी डाळ आणि बदाम द्या.

हलवा मात्र द्याच. बाकी सगळं दुकानात मिळतं, आपला नारळाच्या दुधातला हलवा मिळत नाही, आणि आजींच्या पिढीला सण लागला हे त्या वासानेच कळतं. गव्हाचा चिक काढायला तीन दिवस जातात, ४० घरांसाठी कॉर्नफ्लोअरवर करा: १ वाटी कॉर्नफ्लोअर, ६ वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, १० ग्रॅम चायना ग्रास, वेलची, जायफळ, वरून पिस्ते-बदाम. चायना ग्रास आधी भिजवून वेगळं विरघळवून गाळून घ्या, नाहीतर वडीत दोरे येतात. मंद आचेवर सतत ढवळत तास-सव्वा तास, कडा सोडायला लागला की ताटात. दुधाऐवजी नारळाचं दूध असल्यामुळे तो पार्वे (ना दुधाचा, ना मांसाचा) राहतो, मटणाच्या जेवणावर खाता येतो. म्हणून कुणी "जरा साय घाला" म्हणालं तरी ऐकू नका. सप्टेंबरच्या उकाड्यात बाहेर एक दिवसही भरवसा नाही, फ्रीजमध्ये चार दिवस. म्हणजे वाटपाच्या आदल्या रात्री, त्या दिवसाच्या घरांपुरताच करायचा. घरटी सहा वड्या पुरे.

वाइन देऊ नका. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्यांवर दारू घातक ठरते, आणि कोण काय घेतं हे प्रत्येकजण सांगत नाही. किद्दुशला (सणाच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या पेल्याला) आपलं काळ्या मनुकांचं सरबत आहेच: २५० ग्रॅम मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवून, वाटून, मलमलच्या फडक्यातून गाळून. पण हे सरबत दोन दिवसांपलीकडे फसफसतं. बाटली गच्च बंद करून गाडीच्या डिकीत दिवसभर तापली की झाकण फाटकन उडतं, आणि तो आवाज नेमका त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. म्हणून खोक्यात सरबत घालूच नका, त्याच्या जागी मनुकांची पुडी आणि कृतीची मराठी चिठ्ठी घाला. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस आहेच.

दिव्यांचं एक. रोश हशानाच्या दुसऱ्या रात्री नवी काडी ओढता येत नाही, पेटत्या ज्योतीवरूनच लावायचं असतं, म्हणून ४८ तास चालणारा दिवा द्या. आणि सायरन झाला तर तो पेटता सोडून पळावं लागेल हे गृहीत धरा. प्रत्येक खोक्यात एक खोलगट पत्र्याचा ट्रे आणि वाळूची छोटी पिशवी घाला. दिवा त्या वाळूत, पडद्यापासून लांब. दिवा पेटता राहिला म्हणून ममादमध्ये जीव टांगणीला लागलेली माणसं असतात, त्यांना या ट्रेने फार बरं वाटतं.

---

किर्यात_गात_७

खोक्यापेक्षा दुकानाचं कार्ड बरं, असं माझं मत. आपल्या हाताने निवडून आणण्यात मान राहतो, आणि खोकं घेताना शेजारी बघतात ही लाजही वाटत नाही. ४०० च्या ४०० कार्डात टाका.

---

नेगेव_वाटप

@किर्यात_गात_७, मानाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण इथे बरीच माणसं घराबाहेरच पडत नाहीत. सुपरमार्केटचा मोठा हॉल, वर घुमणारे स्पीकर, आसरा कुठे ते माहीत नाही, अशा ठिकाणी ती जाणार नाहीत, आणि कार्ड खणात पडून राहील. शिवाय कार्ड ज्या साखळीचं, तिचं दुकान पायी अंतरावर आहे का ते घरोघर तपासावं लागतं. म्हणून दोन्ही द्या: २०० चं कार्ड, १०० चं खोकं. आणि कार्डासोबत "हवं तर बुधवारी सकाळी मी सोबत येतो, गर्दी नसते तेव्हा" असं म्हणणारा एक माणूस. काही जणांचं महिन्यांनंतरचं पहिलं बाहेर पडणं त्यातून होतं.

---

दक्षिण_समाजकार्य

२०० आणि १०० झाले, उरलेल्या १०० बद्दल लिहितो. माझ्या मते तुमच्या मदतीचं खरं मोल तिथेच ठरणार आहे.

जवळजवळ सगळ्या संस्था रोश हशानाच्या आधी वाटप उरकतात. पण या माणसांसाठी वर्षातला सर्वांत अवघड आठवडा तो नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला, हमासच्या हल्ल्याच्या दिवशी, सिमखात तोरा (तोराचं वर्षाचं वाचन पूर्ण झाल्याचा सण) होता, शनिवार, सकाळी साडेसहाच्या सुमाराला मारा सुरू झाला. म्हणजे सण आणि तो दिवस एकमेकांत अडकलेले आहेत. यंदा सिमखात तोरा पुन्हा शनिवारीच येतो, ३ ऑक्टोबरला, आणि लगेच चार दिवसांनी इंग्रजी तारखेचा ७ ऑक्टोबर. त्या पाच दिवसांत टीव्हीवर सतत तीच दृश्यं असतात. नंतर १२ तारखेला खेश्वान हा हिब्रू महिना लागतो, ज्यात एकही सण नाही. मुलं-सुना आपापल्या गावी परततात, घर रिकामं होतं, आणि मदतवाल्यांची गर्दी कधीच ओसरलेली असते.

तेव्हा १०० पैकी ३० शिळ्या सणाला आणि ७० सिमखात तोराचा आठवडा व खेश्वान यांना राखून ठेवा.

शिळा सण आपलाच आहे, दारफळणीच्या, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं. यंदा मंगळवारी २२ सप्टेंबरला. त्या दिवशी गेलात तर ती भेट "मदत" वाटत नाही, रीत वाटते. पुऱ्या न्या, वीस मिनिटं बसा, निघा. त्याआधी योम किप्पूरची काळजी घ्यायला हवी: औषधं घेणाऱ्यांना फोन करून सांगा की उपासासाठी गोळ्या परस्पर बंद करू नका. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलट उफाळतो. डॉक्टरांना विचारायचं, रब्बींना विचारायचं. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे हे रब्बीच सांगतील. ज्यांना १९७३ चं योम किप्पूरच्या दिवशी सुरू झालेलं युद्ध आठवतं, त्यांच्यासाठी योम किप्पूरची ती पूर्ण शांतताही सोपी नसते. त्या रात्री एकटं राहणारं कुणी असेल तर सोबतीची सोय आधीच करा.

३ ऑक्टोबरला शब्बाथ संपल्यावर प्रत्येक घरी फोन, तोही आधी ठरलेल्या माणसाचा. "कसं वाटतंय?" असं मोघम विचारलं की उत्तर "बरं आहे" एवढंच येतं. त्याऐवजी "काल रात्री किती वाजता झोप लागली? दुपारी काय जेवलात? उद्या दूध कोण आणणार?" असं विचारा. आपली जुनी माणसं मनाचं दुखणं अंगावर सांगतात: छातीत धडधडतं, हातपाय गळतात, जेवण जात नाही. ते ऐकून "काही नाही हो, मनाचे खेळ" म्हणू नका. एकदा डॉक्टरला दाखवून हृदयाचं काही नाही याची खात्री करायची आणि मग पुढचा रस्ता.

त्या दिवशी काय घडलं ते सांगायला लावू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, मध्ये प्रश्न नकोत, स्वतःचा अनुभव नको, "तुम्ही फार शूर आहात" हेही नको. शूर म्हटलं की रडायची सोय राहत नाही.

तुमच्यासमोरच कुणी घाबरून थरथरायला लागलं तर मिठी मारून "शांत व्हा, शांत व्हा" केल्याने फारसा उपयोग होत नाही. तेल-हाय शिक्षणसंस्थेच्या मोशे फारखी यांनी बसवलेली सिक्स सीज पद्धत इथे सगळीकडे शिकवतात. तिचा गाभा असा की माणसाला असहायपणातून काहीतरी करण्याकडे आणायचं. "मावशी, मी तुमच्यासोबत आहे. सायरन दोन मिनिटांपूर्वी वाजला, आता थांबलाय, आपण आत आहोत. पाणी हवं की चहा? ही बाटली तुम्ही उघडा. खोलीत आपण किती जण आहोत ते मोजून सांगा." छोटे प्रश्न, दोनातली निवड, हाताला काम, आणि काय झालं, काय चाललंय, पुढे काय होणार हे क्रमाने सांगणं. तुमच्या बाराही जणांकडून हे एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. वाचून जमत नाही.

पुढची मदत कुठे, ते एका मोठ्या अक्षरांच्या कागदावर छापा, फ्रीजवर लावायला. एरान (मनाच्या त्रासात फोनवर आधार) १२०१, नाताल (युद्ध-हल्ल्यांच्या मानसिक धक्क्यासाठी) १-८००-३६३-३६३. स्देरोतला मेर्काझ खोसेन (धक्क्यातून सावरायला मदत करणारं केंद्र) आहे, तिथे उपचारासाठी बितुआख लेउमीची (राष्ट्रीय विमा संस्थेची) मान्यता येईपर्यंत थांबावं लागत नाही. अश्कलोनकरांनी पालिकेच्या कल्याण विभागाकडून सुरुवात करावी. ज्यांच्या घराजवळ रॉकेट पडलं आणि तेव्हापासून त्रास आहे त्यांनी बितुआख लेउमीकडे १९७० च्या शत्रुकृत्यांतील पीडितांच्या कायद्याखाली दावा केला आहे का, ते विचारा. पुष्कळ म्हाताऱ्यांना वाटतं की रक्त आलं तरच दावा करता येतो. तसं नाही, मनाची इजाही धरतात. घटनेची तारीख-वेळ-पत्ता, तेव्हाचा रुग्णालयाचा किंवा कुपातच्या (आरोग्य निधीच्या) डॉक्टरचा कागद, घेत असलेल्या औषधांची यादी, एवढं एका फाइलमध्ये लावून द्या. घराच्या काचा-भिंतींचं नुकसान वेगळं, ते मास रेखूशकडे (मालमत्तेच्या नुकसानभरपाईच्या सरकारी खात्याकडे). दोन्ही एकाच अर्जात जात नाही, आणि इथेच लोक वर्ष घालवतात.

अशा फोनला किंवा अर्जाला दुभाषी म्हणून नातवंडांना बसवू नका. आजी नातवासमोर खरं बोलत नाही, आणि नातवाने ते ऐकूही नये. तुमच्यातला हिब्रू आणि मराठी दोन्ही नीट येणारा मोठा माणूस शेजारी बसवा.

आणखी एक. या घरांपैकी काहींत सांभाळायला भारतातून आलेली बाई असेल. मे २०२१ मध्ये अश्कलोनला रॉकेटने गेलेली केरळची बाई अशाच घरात काम करत होती. घरटी मोजताना तिला वेगळं मोजा: तिच्या नावाचं छोटं पाकीट, आणि तिच्या भाषेत लिहिलेल्या सूचना, आजींना घेऊन कुठे जायचं, किती सेकंदांत. आजींना नेणारी तीच आहे.

---

ठाणे_पूर्व

इथल्या नातेवाइकांनाही हातभार लावायचा आहे, तर पैशाबद्दल थोडं. भारतातून व्यक्ती म्हणून देणगी पाठवता येते, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायच्या) योजनेत, वर्षाला सगळं मिळून अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. ती योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. सिनेगॉगच्या किंवा मंडळाच्या ट्रस्टच्या खात्यातून त्या वाटेने पाठवू नका. ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्याची स्वतःची करसूट अडचणीत येते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे करसवलत मिळत नाही. दहा जणांनी वेगवेगळं पाठवलं तर दहादा बँकेचा खर्च, म्हणून एकाने गोळा करायचा मोह होतो. मग कुणी किती दिले त्याची लेखी यादी हवीच. फराळ इथून पाठवू नका, कस्टम आणि कशरूथ दोन्हीकडे अडकतो. तिकडे, इस्राएलमध्ये देणाऱ्यांसाठी: संस्थेला आयकर कायद्याच्या कलम ४६ ची मान्यता असेल तर देणगीच्या ३५ टक्के रक्कम करातून परत मिळते. तुमच्या मंडळाला ती नसेल तर मान्यता असलेल्या संस्थेमार्फत पैसे फिरवता येतात का ते हिशेबनिसाला विचारा.

---

अश्दोद_मंडळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगे, शोफार रद्द. वाटप ७ ते ९. पैसे २००, १००, ३०, ७०. अजून दोन शंका.

एक, स्देरोतच्या पाच घरांनी सुक्का (सुक्कोथ सणाचा मांडव) उभारून मागितलाय, २५ सप्टेंबरच्या आत. १५ सेकंदांत उघड्यावरच्या मांडवातून म्हातारी माणसं आत कशी येणार?

दोन, देणगीदार फोटो मागताहेत.

---

नेगेव_वाटप

सुक्का: जागा आधी मोजा, मग सामान आणा. ममादच्या किंवा आसऱ्याच्या दारापासून उलट मोजत या. घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवा, "उठा" म्हणा, आणि दार लागेपर्यंत घड्याळ लावा. हा सराव त्यांना आधी समजावून, दिवसाउजेडी, सायरनचा आवाज अजिबात न वापरता करायचा. १० सेकंदांत आत यायला हवेत, उरलेले पाच गोंधळासाठी. त्याहून जास्त लागत असतील तर सुक्का तिथे नको, जवळ घ्या किंवा लहान करा. सर्वांत हळू माणूस दाराशी बसेल, मुलं आत. वॉकर हाताशी, टेबलाच्या पलीकडे नाही. जमिनीवर दिव्यांच्या वायरी नकोत, उंबऱ्याला चटई नको.

पाइपचा सांगाडा असेल तर जोडांना रबराचे तुकडे गुंडाळा, नाहीतर वाऱ्याने रात्रभर खणखणतो. कापडाच्या भिंती खालून आणि मधून ताणून बांधा. सैल कापड फडफडलं की झोप गेलीच. उभारताना हातोडी-ड्रिलची वेळ शेजाऱ्यांनाही कळवा, त्या इमारतीत तुमच्या यादीबाहेरचीही घाबरलेली माणसं आहेत.

आणि ज्याला सुक्कात बसून जीव घाबरतो त्याला बसायची सक्ती नाही. ज्याला तिथे बसणं त्रासाचं आहे तो या मित्स्वातून (धर्मकर्तव्यातून) मोकळा, असा हलाखाचा (ज्यू धर्मशास्त्राचा) नियमच आहे. हे त्या आजोबांना हजानकडून (सिनेगॉगमधली प्रार्थना चालवणाऱ्याकडून) सांगवा, तुमच्याकडून नको. त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

---

दक्षिण_समाजकार्य

फोटोबद्दल: घरातल्या माणसांचा नको. परवानगी मागितली तर ते "हो" म्हणतात, कारण खोकं अजून तुमच्या हातात असतं. तो होकार मोकळा नसतो. देणगीदारांना मंडळाच्या स्वयंपाकघरातला फोटो पाठवा, भरलेली खोकी, ताटातला हलवा, आणि सोबत हिशेब: किती कार्डं, किती खोकी, किती फोन, किती दावे दाखल करायला मदत केली. नावं नकोत, पत्ते नकोत, दारावरची पाटी फोटोत येऊ देऊ नका.

वाटपाची यादीही जपा. त्यात कोण आजारी आहे, कोण कुठली गोळी घेतं, कोण एकटं राहतं हे सगळं आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. प्रत्येक गाडीला फक्त त्या दिवसाची घरं, कागदावर, आणि परत आल्यावर तो कागद फाडायचा. औषधांचा रकाना एकाच माणसाकडे.

---

चिकाचा_हलवा

खेश्वानातल्या पैशांसाठी एक सुचवते: मलिदा, गोड पोहे आणि फळांचा आपला आभाराचा विधी. १२ ऑक्टोबरनंतरचा एखादा दिवस, दुपारी ४ वाजता, आसरा लागून असलेल्या हॉलमध्ये. एलियाहू हनबीचा (प्रेषित एलियाचा) मलिदा आपल्याकडे नवस फिटला, माणूस दुखण्यातून उठला, घर बांधलं की होतोच, त्यामुळे कुणाला "मानसिक आरोग्याचा कार्यक्रम" म्हणून बोलवावं लागत नाही.

५० माणसांना पातळ पोहे अडीच किलो, नारळ ५-६, साखर किलोभर, वेलची, जायफळ, बदाम-पिस्ते-बेदाणे मिळून अर्धा किलो, पाच प्रकारची फळं. पोहे चाळणीत धुऊन लगेच निथळायचे, पाण्यात ठेवले तर लगदा होतो. नारळ खवून आत आणू नका, तो तिथेच खवायचा, बदामही तिथेच चिरायचे. आजींना कामाला बसवा. हात चालले की तोंड आपोआप उघडतं, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या आजीलाही रात्री झोप लागत नाही हे तिथेच कळतं. मात्र नारळ फोडायचा असेल तर बाहेर, लांब, आणि आधी सांगून. फोडलेले नारळ आणणं त्याहून सोपं.

येण्याजाण्याची गाडी तुम्हीच ठेवा, दारापासून दारापर्यंत. त्या दिवशी घरटी खर्चातला मोठा वाटा गाडीवर जाईल, पोह्यांवर नाही. ज्यांना यायचं नाही त्यांचा मलिदा डब्यात भरून त्याच संध्याकाळी पोचवा, आधी फोन करून, बेल एकदाच.